संत्र्याच्या झाडाखालचा पाऊस

सकाळी आठला बाबा मापकातलं नळकांडं काढायचे,
डोळ्यांच्या रेषेत धरायचे, श्वास रोखून,
जणू आतल्या पाण्याला जाग येईल.
मग वहीत: चौदा पूर्णांक दोन.
किंवा शून्य.
पगार थांबून अकरा वर्षं झाली होती.
कोनाक्रीहून कोरे तक्ते येणंही थांबलं,
तेव्हा बाबांनी माझ्या शाळेच्या वहीत
पट्टीने रकाने आखले.

आमच्या टेकडीच्या पाठीवरून एक ओहोळ उतरतो,
बकरीनं पोट न भिजवता ओलांडावा एवढा.
खाली त्याला बाफिंग म्हणतात,
आणखी खाली सेनेगल,
आणि पार खाली, पोदोरला, दियेनाबू आत्याचं शेत,
जिथं पूर ओसरला की
ओल्या गाळात काठीनं भोकं पाडून ज्वारी टोचतात.
आत्या दर ऑगस्टात फोन करायची:
"बायलो, यंदा किती पाठवलंस?"
बाबा जणू पोत्यात भरून पाठवतात.
बाबाही तसंच सांगायचे,
"निघालंय गं. धरणवाल्यांनी ठेवून नाही घेतलं
तर पोचेल."

एका वर्षी मे कोरडा गेला.
आईनं फोनियो पेरला, मुंग्यांनी नेला, पुन्हा पेरला.
जूनच्या एका रात्रीत एकशे अठरा मिलिमीटर.
पेर गेली, कुंपण गेलं,
कुंपणाला टेकून ठेवलेली कुदळ
तिसऱ्या दिवशी शेजारच्या वाडीत सापडली.
ऑगस्टात वीस दिवस ढग यायचे, बघायचे,
"कळवतो" म्हणून निघून जायचे.
आणि ऑक्टोबरात, आवरायच्या वेळी,
सगळं राहिलेलं एकदम ओतलं.
वर्षअखेरीस बाबांनी बेरीज केली,
तीस वर्षांच्या सरासरीशी ताडली.
नऊ मिलिमीटरचा फरक.
"म्हणजे बरोबरच पडला," ते म्हणाले,
आणि आपल्याच वाक्याकडे बघत राहिले.
आई रिकामं सूप भिंतीला टांगत होती.
"तुमची सरासरी," ती म्हणाली,
"कधी कुणाच्या अंगावर पडलीय का?"

पुढं लाबेहून अल्सेनी नावाचा पोरगेला अधिकारी आला.
वह्यांचे फोटो काढले, रात्रभर आकडे भरले.
सकाळी त्याचे डोळे चमकत होते:
"दोन हजार सहापासून इथला पाऊस घटतोय.
दरवर्षी थोडा थोडा. आसपास कुठंच असं नाही!"
बाबांनी मान खाली घातली.
आईनं नुसती वर केली.
मापकावर संत्र्याची फांदी आली होती,
फळांनी वाकलेली.
"सोरी गेला त्या वर्षी मी लावलं," ती म्हणाली.
"हे दरसाल कोयता घेऊन यायचे.
दरसाल परत जायचे."

अल्सेनीनं लॅपटॉप मिटला.
एवढ्या वर्षांचे आकडे, म्हणाला, वापरता येणार नाहीत.
तेव्हा बाबांनी वही उलटी करून मागून उघडली.
पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, दुसरा हिशेब:
टोमॅटोचा डबा, मोकळ्या माळावर,
त्याच दिवशी, त्याच आठ वाजता.
एकही दिवस गाळलेला नाही.
"डबा प्रमाणित नाही," अल्सेनी हळूच म्हणाला.
पण फोटो काढत राहिला,
शेवटच्या पानापर्यंत.

आता नळकांडं मी काढते.
झाडाखालचं एक, माळावरचं एक.
दोन्ही आकडे पेननंच लिहिते,
त्यातलं कुठलं खरं, ते लाबेवाल्यांनी ठरवावं.
वह्यांचे फोटो गेले, उत्तर आलेलं नाही.

आज एकोणीस ऑगस्ट. दोन्हीकडे शून्य.
डब्यात एक कोळी होता, त्याला बाहेर काढला.
आठ वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.
आत्याला आता ऐकू कमी येतं,
ती पोदोरहून ओरडूनच बोलते:
"पोरी, किती पाठवलंस?"
मी माळावर उभी होते, हातात कोरडा डबा.
"थांब," मी तेवढ्याच जोरात म्हटलं,
"अजून भरतेय."