लाभ

माझ्या एसीचं पाणी
मर्हूनबाबांच्या निळ्या कॅनमध्ये पडतं.
ही आमची ओळख.
मी सूरला आलो त्या जूनमध्ये त्यांनी दार वाजवलं,
पाइप दाखवला, कॅन दाखवला, मग भिंतीपलीकडचं लिंबाचं झाड.
मी मान हलवली. करार झाला.

दिवसा मी मासळीच्या कारखान्यात गोदाम सांभाळतो,
उणे अठरावर सुरमईच्या पेट्या मोजतो.
रात्री गाणी लिहितो. म्हणजे असं,
की पुण्याहून शार्दूल चाल पाठवतो, ललाला करत,
आणि मी त्या ललालाच्या मापाचे शब्द शिवतो.
आजवर बारशाची दोन, एका पतपेढीचं एक,
आणि आता हे, नाटकासाठी.
मुखडा झालाय. अंतरा तीन आठवडे अडलाय.
नायिका एकटी असते, एवढंच कळवलंय त्यांनी.
एकटीला यमक मिळतं ते धाकटी,
नाहीतर हेकटी.

एका पहाटे, बांग होऊन गेल्यावर,
खिडकीखाली बाबा दूधभुकटीच्या डब्यानं
आळ्यात पाणी घालत होते, मोजून,
आणि मी अर्धवट झोपेत ऐकलं:
लाभ.
दोन.
तीन.
चार.

उठून बसलो.

माझी मोडकी अरबी, त्यांची गंजलेली हिंदी,
दोन्ही फळकुटं जोडून जी गोष्ट हाती आली ती अशी.
बारा-तेरा वर्षांचे असताना, मामाच्या गलबतावर
भांडी घासत घासत ते जयगडला पोचले.
तांदूळ भरायचा होता.
धक्क्यावर पायलीनं माप घालणारा एक माणूस होता,
नाव गेलं, फाटकी कानाची पाळी राहिली.
त्याच्या शेजारी उभं राहून पोरानं आकडे पाठ केले.

आता, पहिल्या मापाला एक म्हणायचं नसतं,
हे आमच्या खळ्यावर शेंबड्या पोरालाही ठाऊक.
लाभ म्हणायचं, मग दोन.
नाहीतर रास आटते.
बाबांना हे कुणी सांगितलंच नाही.
साठ वर्षं ते धरून चाललेत
की त्या किनाऱ्यावर एकाला लाभ म्हणतात.

मी चूक सुधारणार होतो. तोंड उघडलंही होतं.
पण त्यांना आता कुणीतरी ऐकणारं मिळालं होतं.
कॉफीचा पेला सरकवला: लाभ.
गलबतं किती उरली खाडीत, तरंगणारी? लाभ.
मुलगा, सोहारला असतो: लाभ.
दात दाखवून हसले, तोही जवळजवळ लाभच.

मग मी विचारलं, मला कधी थांबायचं कळत नाही,
की घरात आता किती जण?
उंबऱ्याशी बायकी चपलांचा जोड होता,
जुवैनाबाईंचा, वाळू झटकून ठेवलेला.
तिकडे त्यांनी पाहिलं नाही.
बोट वर केलं.
शाळेतल्या मुलाला उत्तर येत असतं, तसं.
लाभ.

पेला हलवून मी नको म्हटलं, तरी त्यांनी भरला.

त्या रात्री अंतरा झाला, जेवण गरम होईतो.
शार्दूलचा निरोप लगेच:
झकास रे. फक्त तो लाभ काढ,
सोनाराच्या जाहिरातीतला वाटतो. एक कर.
मात्रा तेवढ्याच आहेत.

तेवढ्याच आहेत.
बोटांवर मोजून पाहिलं. तीन नि तीन.
त्याचं चुकत नाही काही.

उत्तर अजून दिलेलं नाही.
चिपळूणला फोन केला, बायको म्हणाली,
दात का वाजतायत तुझे, ताप आहे का?
नाही, म्हटलं, एसी सोळावर ठेवलाय.
का, ते सांगितलं नाही.
गोधडी गळ्यापर्यंत घेऊन पडलो आहे.
बाहेर दमट हवा, वाराही नाही,
पाइप आज भरभर गळतोय.
कॅन रिकामा असावा, थेंबाचा आवाज मोठा येतो.
पहिला केव्हा पडला, कोण जाणे.
मी जिथून ऐकलं
तिथून मोजायला लागतो.