फॉरेन डिपार्टमेंट

अक्कलकोट रोडला राजमल्लू गुंडेटींच्या कारखान्यात
इंग्रजी येणारा मी एकटा.
येणारा म्हणजे, बी.कॉम.ला छत्तीस मार्क.
शेठ पाहुण्यांना सांगतात, "हा आमचा फॉरेन डिपार्टमेंट."
डिपार्टमेंटला एक खुर्ची, एक टेबलफॅन,
आणि लाईट असेल तर कॉम्प्युटर.

मार्चात लीड्सच्या हॉलोवेसाहेबांनी लिहिलं,
'वी आर थ्रोइंग इन द टॉवेल.'
"आम्ही टॉवेल आत टाकतोय," मी वाचलं.
"मग? आतच टाकणार की. उन्हात ठेवतंय का कोण?"
शेठनी आणखी चाळीस गाठी बांधायला घेतल्या.

पुढचं पत्र : 'माय पार्टनर इज अ वेट ब्लँकेट.'
पॅकिंगमधली अंजम्मा हबकली.
"ओली गेली का ओ चादर? मी गालाला लावून बघितली होती!"
नळाला पाचव्या दिवशी पाणी येणाऱ्या गावातून
चादर ओली जाईलच कशी?
दुपारभर सगळ्यांनी मिळून
बोटीच्या कॅप्टनला तेलुगूत शिव्या घातल्या.

तिसरं पत्र तिखट : 'डोन्ट स्पिन मी अ यार्न.'
मी उलट टपाली कळवलं,
डियर सर, वी डू नॉट स्पिन.
यार्न वी बाय रेडिमेड. वी ओन्ली वीव्ह.

मग महिनाभर काही नाही.

शेवटी माझ्या नववीतल्या चंद्रकलेनं
भाकरीवर शेंगाचटणी पसरत सांगितलं,
"पप्पा, टॉवेल टाकला म्हणजे हरला तो."

सकाळी शेठना सांगितलं.
ते बराच वेळ मागांचा खडखडाट ऐकत बसले.
"हरल्यावर टॉवेल? आपल्यात तर
टॉवेल-टोपी देऊन मान करतात बे.
लिही त्याला. धंद्यात एवढं काय करलालास म्हणावं,
अंथरूण बघून पाय पसरायचे असतेत."

मी लिहिलं. जमेल तसं लिहिलं :
फर्स्ट सी बेडिंग, देन स्ट्रेच फूट.

तासाभरात उत्तर!
इतक्या लवकर लीड्स कधी बोललं नव्हतं.
'बेडिंग साउंड्स इंटरेस्टिंग. व्हॉट साइझ?
अँड हाऊ मेनी फूट?'

शेठ आता टेप घेऊन माझ्या टेबलाशी उभे आहेत.
चाळीस गाठी अजून गोडाऊनमध्येच,
म्हणजे टॉवेल आत टाकले ते आम्हीच.