तिरक्या काठाचा वाडगा

आजीच्या मडक्यांवर रानबकरे असायचे.
शिंगं अशी लांब, वळत वळत
काठाला शिवून पुन्हा पाठीवर येणारी.
एक मडकं उतरेपर्यंत
चंद्राची कोर भरून गोल व्हायची.
फुटलं तर घरात दोन दिवस
कुणी मोठ्याने बोलत नसे.

निनखेदू रोज दोनशे वाडगे काढते.
जमिनीत खळगा, खळग्यात गोळा,
गोळ्यात मूठ, बोटाने काठ कापला
की झालं.
तिरका राहिला तर राहिला.
ती बघतही नाही.

मला वाटतं, उरुक त्या दिवशी उभं राहिलं.
तटामुळे नाही, देवळाच्या उंच ओट्यामुळे नाही.
कुणीतरी पहिल्यांदा
स्वतःच्या हातून उतरलेल्या वस्तूकडे न बघता
पुढचा गोळा उचलला, त्या दिवशी.

बाकीचं मागून आलं :
कालवे, कालव्यांवरून डोकी फुटणं, शिक्के,
आणि ओल्या मातीवर बोरूने ओढलेली ती खूण,
माणसाचं डोकं, तोंडाशी वाडगा.
अर्थ : जेवणे.
डोक्याला नाव नाही.
वाडग्याला माप आहे.
वाडगाभर सातू म्हणजे एक दिवस.
शारकम कारकून दिवस मोजतो, माणसं मोजतो,
बोटं तीच वापरतो.

त्या साली नदी कूस बदलून निघून गेली.
शेतांवर मीठ फुललं.
वाडगा तेवढाच, रांग मात्र
लोकरीच्या कोठीला वळसा घालून गेलेली.
रांगेत एक पोर आईचा वाडगा चाटता चाटता
वाडग्याची मातीच खाऊ लागलं.
निनखेदूने पाहिलं.
काही बोलली नाही.
दुसऱ्या सकाळी गोळ्यात मूठ दाबताना
तिने अंगठा थोडा जास्त रुतवला.
इतकंच.
तळाशी एक खळी,
चिमटीहून जास्त, मुठीहून कमी.

मापात पाप असतं हे ठाऊक होतं सगळ्यांना.
पण याला काय म्हणायचं,
त्याची खूण अजून कुणी ओढली नव्हती.

कोठार हिशेबाच्या आधी तळ दाखवू लागलं.
शारकमने एक वाडगा घेतला,
उलटा केला, सुलटा केला,
आत अंगठा घालून पाहिला.
बराच वेळ.
शेजारी ओली पाटी वाळत चालली होती.
मग म्हणाला, "उंदीर फार झालेत यंदा,"
आणि उंदरांच्या नावे
सात मापं खर्ची टाकली.

उंदरांनी कधी तक्रार केली नाही.

परवा, वारक्याच्या उन्हात,
मिझ्हेर खणत होता. बाप खणायचा, आजाही.
खोऱ्याला एक वाडगा लागला, अख्खा.
मुकादम दुरूनच ओरडला :
"ते नको! लाखांनी निघतात तसले.
ढिगात टाक, मोजूही नकोस."
मिझ्हेरने आतली माती काढायला
अंगठा फिरवला.
अंगठा खळीत बसला.
त्याला वाटलं, दगड निघाला असेल तिथून.

तेवढ्यात रोजाची हाक आली.
टेबल, वही, पुढे रांग.
त्याने वाडगा ढिगावर भिरकावला
आणि जागा जाऊ नये म्हणून पळाला.

वाडगा फुटला नाही.
जाड होता.
घाईत केलेलं जाडच होतं.