गेट नंबर चार

कुवेतला आम्ही मॉलमध्ये जायचो ते काही घ्यायला नव्हे.
दुपार काढायला.
बाहेर पन्नास अंशांचा फुफाटा,
बसथांब्याच्या दांडीला हात लावायची सोय नाही.
हे शिफ्टला गेले की मी निघायची,
ओवी ढकलगाडीत, यशोधन पोटाशी बांधलेला,
पिशवीत पाण्याची बाटली आणि घरचे धपाटे,
जे तिथं खायला बंदी होती, म्हणून
बायकांच्या नमाजखोलीबाहेरच्या बाकावर, पाठ करून.

यशोधननं पहिलं पाऊल टाकलं तेही तिथंच,
घड्याळांच्या दुकानासमोर.
फरशी इतकी गुळगुळीत
की त्याच्या तळव्याला तळवा लावून
आणखी एक यशोधन खाली उलटा चालत होता.
मी कोल्हापूरला फोन लावला. चालला गं!
आईनं विचारलं, अंगणात?
मी म्हटलं, हो.

पुढं तो हात सोडून पळायला लागला,
तेव्हा पाढ्यासारखं घोकून घेतलं त्याच्याकडून:
हरवलास तर रडायचं नाही.
निळ्या शर्टातल्या काकांपाशी जायचं.
नाव सांगू नकोस, आडनाव तर नकोच,
तिथं ते कुणाच्या तोंडात बसत नाही.
एवढंच सांग, गेट नंबर चार.
मी तिथं येते.

आता आलोय. कायमचे की कसे, ते अजून
ह्यांच्या कंपनीनं ठरवलेलं नाही.
कपिलतीर्थच्या मंडईत यशोधन मान वर करून विचारतो,
ह्याचं छत कुठंय?
हा कितवा मजला?
ओवी प्रत्येक पायरीपाशी थांबते,
पायरी आपणहून निघायची वाट बघत,
आणि मागून येणारी म्हातारी म्हणते, चल की गं बाय, मुहूर्त बघतीस काय?

मेथीच्या दोन पेंड्यांचे पैसे दिले, वळले.
एका हातात पिशवी.
एका हातात ओवी.
इतकेच हात असतात माणसाला.

घोषणा करायला सांगू कुणाला?
इथं सगळेच घोषणा करत होते:
धाला दोन, धाला दोन, संपली की गेली.
मी त्याचं नाव घेऊन ओरडले
आणि मला माझाच आवाज ओळखू आला नाही,
सात वर्षांत मी कुठंच ओरडले नव्हते.

तो कांद्याच्या पोत्यावर बसला होता.
बुटांतले दिवे लागत होते, विझत होते.
समोर आक्काताई, कपाळभर कुंकू, मांडीवर तराजू,
चौथ्यांदा विचारत होत्या:
कुणाचं रं तू?
आणि तो, न रडता, मी शिकवलं तसं, स्पष्ट:
गेट नंबर चार.

आगं बया, हे कुठलं गाव म्हनायचं?
गडहिंग्लजकडं आसंल, लिंबूवाला म्हणाला.
गाव न्हवं, एसटी स्टँडचा फलाट आसंल,
चारला कुठली गाडी लागती, कागलची का?
एक पोरगा तर सायकल काढून तयारच होता
त्याला फलाटावर नेऊन बसवायला.

मी धावत जाऊन त्याला उचललं.
आक्काताईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.
तुमचं व्हय हे?
माझं.
आनि तुम्ही कुनाच्या?

सोपा प्रश्न. माहेरचं आडनाव चाललं असतं,
सासरचं चाललं असतं,
नुसती गल्ली सांगितली असती तरी
दोन ओळखी निघाल्या असत्या तिच्याकडून.
जिभेवर आलं ते मात्र भलतंच,
ते गिळलं आणि म्हटलं, कोथिंबीर कशी दिली?
नको पैसं, म्हणाल्या, पोराला मिठानं वाळून टाका
आणि त्याच्या मुठीत मटारची एक शेंग कोंबली.

रिक्षात बिंदू चौकापर्यंत तो गप्प.
शेंग उलटीसुलटी करून बघत होता,
किंमत कुठं चिकटवलीय ते.