दुसरा संदर्भ

जिल्हा कोशाचा नियम : दोन स्वतंत्र संदर्भ.
डोमाजी कुंभरे, बुद्धिबळपटू,
यांचा एकच आहे. एकाहत्तर सालची
वर्तमानपत्राची चौकट, तीतही आडनाव चुकलेलं.

दुसऱ्यासाठी एसटीनं घाटंजीच्या पुढे गेलो.
जिनिंगच्या फाटकावरचा म्हातारा म्हणाला,
"डोमाजी? थो तं कापसाचा काटा पाहे.
पन हारला नाही बाप्पा कोनाले."
हे कोशात चालत नाही.

सुनेनं डालड्याचा डबा उघडला.
पोस्टकार्डं. एका कार्डावर एकच चाल,
बऱ्हाणपूरच्या कुणा रेल्वे कारकुनाची.
कधी बारा दिवसांनी, कधी पावसाळाभर नाही.
शेवटच्या कार्डावर चाल नव्हतीच :
"तुमच्या उत्तराची वाट पाहतो. खोकला कसा आहे?"

पट मांडला. काळा उंट हरवलेला,
त्याच्या घरात तिनं बिब्बा ठेवला.
"येईन का जी त्याईचं नाव?"
मी चहा पीत राहिलो.

शेरा लिहिला : पुरावा अपुरा.
परतीच्या गाडीत कार्डं पुन्हा लावून पाहिली.
सतराव्या चालीला त्यांनी हत्ती देऊन टाकलाय.
फुकट.
यवतमाळ आलं तरी
का दिला, ते सापडेना.