कारण : घरगुती

परतवाड्याच्या लॉजवर पहाटे पाचला
चाक अंगठ्यानं दाबून पाहिलं,
आंबा पिकला का पाहतात तसं.
मागचं जरा मऊ होतं.
पंपाचे चाळीस फटके मोजत लॉजवाला म्हणाला,
"आता तं उतारच हाय ताई, घरापावतर."
खोटं. इथून पुढं उतार नाही, चढही नाही,
वारा आहे फक्त, आणि तो समोरून.

घाटात बरं होतं.
सेमाडोहच्या वळणांवर श्वासच एवढा मोठा व्हायचा
की छातीत दुसरं काही मावायचं नाही.
सपाटीवर डोकं वासरासारखं सुटतं
आणि नको तिथंच तोंड घालतं :
सोमवारचा हजेरीपट,
दुरुस्तीला टाकलेलं मिक्सरचं भांडं,
रजेच्या अर्जावर मी लिहिलेलं कारण.

पथ्रोटपर्यंत संत्र्याच्या बागा,
मग कधी डावीकडं कधी उजवीकडं
शकुंतलेचे अरुंद रूळ, बाभळींनी गिळलेले.
म्हणतात, ती गाडी इतकी हळू जायची
की माणसं उतरून, आडोशाला जाऊन, परत चढायची.
मी आज तिच्याच वेळापत्रकानं निघालेय.
चेनला तेल घालायला थांबले. तेल कालच घातलं होतं.

धारणीकडं लोक गोळा व्हायचे.
कुठून आल्या, एकट्याच, भेव नाही लागत?
हरिसालच्या राजमती बेठेकरनं
आधी सायकलच्या सीटला हात लावून पाहिला,
मग माझ्या पोटरीला,
आणि काही न बोलता मोहाच्या फुलांची पुडी
पिशवीत कोंबली.
आज विचारतात, "कुठी चालल्या?"
"दर्यापूरच्या पुढं."
"मंग काय, हे राह्यलं."
एवढंच. चारशे तीस किलोमीटर
माझ्या तोंडातच राहतात, गुळाच्या खड्यासारखे.

अंजनगावच्या अलीकडं, थांब्यावर,
एका म्हातारीनं हात केला.
"काय इकतं व बाई? पापडं हायेत का?"
दोन्हीकडच्या फुगलेल्या पिशव्या पाहून.
मी उतरले. का कोण जाणे, उघडूनच दाखवलं :
दमट टॉवेल, पाना, एक कोरी ट्यूब,
मोहाची पुडी,
आणि सिपन्याच्या पात्रातला एक दगड, गोल, राखाडी.
तिनं दगडच उचलला. तळहातावर तोलला.
"ह्यो कितीले?"
"तो विकायचा नाही, माय."
"मंग वाहून कायले आनला?"
तेवढ्यात तिची बस आली.
दगड माझ्या हातात देऊन ती चढली,
आणि पानमळे संपले, केळी संपल्या,
जमीन काळी, उघडी, भेगाळ होत गेली
तरी मला उत्तर सुचलं नाही.

चार किलोमीटर उरले तेव्हा एका रपट्यावर बसले.
खाली पाणी नव्हतं.
कालची दशमी खाल्ली, लोणच्याचा कागद चाटला.
गावातलं टाकीचं टोक दिसत होतं.
उठायला हवं, असं म्हणत
एक टिटवी तीनदा आली गेली तेवढं बसले.

हापशीवर काळबांडे काकू.
घराची किल्ली त्यांच्याच कनवटीला.
माझ्या काळवंडलेल्या हातांकडं त्यांनी पाहिलं,
पिशव्यांकडं पाहिलं.
"झालं का काम?"
"झालं."
"घे, पानी पे आधी," म्हणून दांडा मारू लागल्या.

मी ओंजळ धरली. पहिला घोट घेतला आणि थबकले.
खारट होतं.
इतकी वर्षं याच पाण्यावर वरण शिजवलं,
याच पाण्यानं केस धुतले,
लोक म्हणायचे खारपाणपट्टा, मीही म्हणायचे,
पण ते जिभेला आज कळलं.
काकूंना सांगावं म्हणून मान वर केली,
आधी आणखी एक घोट घेतला,
आणि तेवढ्यात
ते नेहमीचं पाणी झालं होतं.