खिडकी नंबर तीन, धरणगाव

सरांनी बजावलेलं: ॲप्रनला इस्त्री हवी, नखं कापलेली,
गोळी हाताने मोजायची नाही,
आणि सांगितलेलं रोग्याकडून परत वदवून घ्यायचं.

घेतलं.
सकाळी जेवून एक, रात्री झोपताना एक.
सुपडाबाईंनी पाढ्यासारखं म्हणून दाखवलं,
मी वहीत बरोबरची खूण केली.

चार पावलं जाऊन त्या वळल्या.
अंबाड्यात कापसाचा पुंजका.
"पन भाऊ, रातले मी जिनमा ऱ्हास,
झोपस ते सकाये.
मंग कोनती गोळी कवय लेऊ?"

मागे रांग खोकतेय.
वहीत याला रकाना नाही.
सर आत, जेवणाच्या डब्यापाशी.

मी खूण खोडली,
खिडकीतून अर्धा बाहेर वाकलो,
मावशी, तुम्ही जेवता कधी?